चौकट आणि चित्र : केकू गांधींच्या कार्याचा विचार

कॅनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळापासून निघून इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनास मिळणारा कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे एके काळचा कर्झन रोड, हा दिल्लीतील चित्रव्यवहाराचा जणू नकाशाच आहे. त्याच्या एका टोकाला, कॅनॉट प्लेसमध्ये, १९३६ साली सुरू झालेले धूमीमल दालन. दुसऱ्या टोकाच्या षट्कोनावर, जयपूर हाऊसमध्ये, १९५४ साली उघडलेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. एका टोकाला चित्राची किंमत ठरते; दुसऱ्या टोकाला ते किमतीच्या पलीकडे गेले असे मानण्यात येते. मधल्या वाटेवर मॅक्सम्युलर भवन आणि ब्रिटिश कौन्सिल. त्यांतील दुसऱ्या वास्तूच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन यांनी शुभ्र संगमरवर आणि काळा कडप्पा यांतून एका विशाल वृक्षाची छाया उभी केली आहे. या मार्गावरील हे एक चित्र मात्र कोणाही विक्रेत्याला उचलून नेता येणार नाही.

बाकीची चित्रे दुकानातून संग्रहालयापर्यंत जातात ती आपल्या पायांनी जात नाहीत. त्यांना नेणारा कोणी तरी असतो. मराठी समीक्षेने या माणसाकडे जवळजवळ पाहिलेच नाही. चित्रकाराची चरित्रे लिहिली गेली, संप्रदायांची चर्चा झाली. पण विक्रेता हा अडत्या, फार तर आश्रयदाता, अशा समजुतीने तो कलेच्या इतिहासाबाहेर राहिला. यात आपल्या सौंदर्यविचाराचाही भाग आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत कलाकृतीचे सौंदर्य शोधले, आणि त्यांच्यानंतरच्या पिढीला कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरण्याचे बळ दिले. तो आग्रह योग्यच होता. परंतु चित्र स्वतः काय आहे या प्रश्नात गुंतलेल्या समीक्षेला, ते कोणाच्या भिंतीवर आणि कोणाच्या निवडीने लागले, हा प्रश्न गौण वाटू लागला. तो गौण नाही, हे केकू गांधी यांच्या कार्यावरून दिसते.

गांधींचा दिल्लीशी संबंध याच परिसरातला. शेजारच्या जनपथावर कुटिरोद्योग विक्रीकेंद्रात कुनिका हे दालन होते. १९६० ते १९६३ या काळात रिचर्ड बार्थोलोम्यू हे त्याचे संचालक होते. म्हणजे एक कवी व कलासमीक्षक तेथे विक्रेत्याच्या आसनावर बसला होता. पुढे या दालनाला मुंबईच्या केमोल्डची जोड मिळाली आणि ते कुनिका-केमोल्ड म्हणून ओळखले गेले. ‘केमोल्ड’ या नावात कलेचा मागमूस नाही. चित्रांच्या चौकटींसाठी लागणाऱ्या पट्ट्या तयार करणाऱ्या ‘केमिकल मोल्डिंग’ कंपनीच्या नावाचे ते संक्षिप्त रूप आहे.

केकू गांधी यांचा जन्म १९२० साली मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. केंब्रिजमध्ये शिकत असताना १९३९ साली महायुद्ध पेटले आणि मायदेशी आलेल्या या तरुणाला परत जाता आले नाही. रॉजर व्हॅन डाम या बेल्जियन गृहस्थाच्या साहाय्याने १९४१ साली त्यांनी चौकटींचा धंदा सुरू केला. प्रिन्सेस स्ट्रीटवरील दुकानाच्या दर्शनी काचेमागे रिकाम्या चौकटी मांडण्याऐवजी त्यांनी तरुण चित्रकारांची चित्रे मांडावयास प्रारंभ केला. आरा, हुसेन, हेब्बर यांची कामे रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला अशा रीतीने दिसू लागली. त्या वेळी यांपैकी कोणाचेही नाव सर्वमान्य झालेले नव्हते. प्रागतिक चित्रकारांचा संघ स्थापन व्हावयाचा होता. जहांगीर आर्ट गॅलरी उघडण्यास १९५२ साल उजाडावयाचे होते.

येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. भारतातील आधुनिक चित्रांचा व्यापार संग्राहक सरदारांच्या वाड्यातून जन्माला आला नाही. धूमीमलचे मूळ कागद व लेखनसामग्रीच्या व्यापारात; हुतात्मा चौकात १९६३ साली दालन उघडणारे काली पंडोल हे मूळचे चौकटींचे व्यावसायिक; गांधींचेही तसेच. राजा रविवर्म्यांच्या छापील देवदेवता ज्या धंद्याने घरोघर तसबिरी करून पोचवल्या, त्याच धंद्याच्या पोटी ही दालने निपजली. चौकटवाल्याला गिऱ्हाइकाची नाडी ठाऊक असते; कोणते चित्र घरातल्या भिंतीवर टिकेल हे तो अनुभवाने ओळखतो. गांधींचे वैशिष्ट्य असे की हे ज्ञान असूनही त्यांनी त्याच्या विरुद्ध दिशेने निवड केली. जे भिंतीवर अजून टिकत नव्हते त्यालाच त्यांनी चौकट घातली.

ही निवड त्यांनी एकट्याने केली नाही. व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लांगहॅमर व इमॅन्युएल श्लेसिंगर आणि जर्मनीतून आलेले रुडी फॉन लायडन, नाझी राजवटीने मायदेशास पारखे केलेले हे तिघे, त्यांपैकी पहिला चित्रकार, दुसरा संग्राहक आणि तिसरा समीक्षक, त्या काळच्या मुंबईत नव्या चित्राचे पहिले जाणकार ठरले. गांधींची दृष्टी त्यांच्या सहवासात घडली. म्हणजे आपल्या आधुनिक चित्रकलेची प्रारंभीची अभिरुची निर्वासित युरोपीय आणि पारशी वर्तुळात आकाराला आली. मराठी मध्यमवर्ग तिच्यात जवळजवळ नव्हताच. प्रिन्सेस स्ट्रीटपासून गिरगाव हाकेच्या अंतरावर. पण गिरगावातल्या घरात चित्र येई ते दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’ अंकाच्या मुखपृष्ठावरून किंवा मुळगावकरांच्या दिनदर्शिकेवरून. नाटकाला, गाण्याला आणि मासिकांना पदरमोड करून जगवणाऱ्या या वर्गाने चित्र विकत घेण्याची वस्तू मानली नाही. त्याची ऐपत नव्हती, हे उत्तर अपुरे आहे. आरंभीच्या काळात हुसेनांचे चित्र फार महाग नव्हते. दलालांच्या रेषेवर प्रेम करणाऱ्या वाचकाला आऱ्यांच्या फुलांपर्यंत आणून सोडील असा पूल ना समीक्षकाने बांधला, ना विक्रेत्याने. गांधींच्या कार्याची ही मर्यादा त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. पण ती मर्यादा आहे. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या परंपरेला काळा घोड्याच्या आधुनिक वर्तुळात जे दुय्यम स्थान मिळाले, त्याचेही मूळ येथेच शोधावे लागते.

१९६३ साली जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली. तिचा दैनंदिन कारभार मुख्यतः खोर्शेद गांधी यांनी सांभाळला, आणि केकू गांधींच्या नावाभोवती जी कीर्ती आहे तिचा मोठा वाटा या बाईंचा आहे. तय्यब मेहता, भूपेन खख्खर, नलिनी मलानी, अतुल दोडिया अशा परस्परांहून अगदी भिन्न प्रकृतीच्या चित्रकारांना या लहानशा दालनाने जागा दिली. खख्खरांची चित्रे शिष्ट अभिरुचीला बाजारी वाटण्याचा संभव होता. ती येथे टिकली, यात विक्रेत्याची पारख दिसते.

परंतु गांधींच्या निवडीची खरी कसोटी १९७५ साली लागली. त्या वर्षी केमोल्डमध्ये जिव्या सोमा म्हशे यांचे प्रदर्शन भरले. डहाणूजवळच्या गंजाडचा हा वारली चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी शहरापुढे आला. मिथिलेतील स्त्रियांची भित्तिचित्रे कागदावर आणण्याच्या कामातही ज्यांचा हात होता तेच हे कुलकर्णी. दोन्ही ठिकाणी त्यांनी आपले नाव मागे ठेवले. वारली चित्र मूळचे लग्नातले. सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने झोपडीच्या भिंतीवर चौक लिहावयाचा, त्यात पालघट देवीची स्थापना करावयाची, आणि विधी सरल्यावर ते पुसट होत जावयाचे. चौक ही त्या चित्राची स्वतःचीच चौकट आहे. तिच्या आत देवी असते आणि बाहेर नाचणारी, शेतात राबणारी, ताडावर चढणारी माणसे. म्हशे यांनी विधीपासून चित्र सोडवले, ते रोज काढावयास घेतले आणि चौकाबाहेरच्या माणसांना सबंध कागद मोकळा करून दिला. मासळीच्या जाळ्याचे त्यांचे चित्र पाहिले म्हणजे ही मोकळीक किती मोठी होती ते कळते. रेषांच्या त्या प्रचंड विणीत माणूस मुंगीएवढा होतो, पण हरवत नाही.

यात हानीही झाली. स्त्रियांचे सामुदायिक कर्म एका पुरुषाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. पुसले जाणे हा ज्याचा धर्म ते टिकाऊ माल झाले. त्याच्या नकला पुढे पिशव्यांवर आणि चहाच्या पेल्यांवर उतरल्या. तरीही केमोल्डच्या भिंतीला या अधोगतीचे उगमस्थान म्हणणे अन्यायाचे होईल. हस्तकला म्हणून वारली चित्राची विक्री इतरत्र होतच राहिली असती. हुसेन आणि मेहता जेथे लागतात त्याच भिंतीवर, एका चित्रकाराचे प्रदर्शन म्हणून, त्याच मानाने म्हशे यांना लावणे हा मूल्यनिर्णय होता. तो निर्णय लेखणीने नव्हे, खिळ्याने आणि हातोड्याने घेतला गेला. म्हशे यांना पद्मश्री मिळावयास २०११ साल उजाडले. गांधींना ती २००९ मध्ये मिळाली होती.

गांधींचे समकालीन पंडोल यांच्याकडे पाहिल्यास विक्रेत्याच्या संयमाचे दुसरे रूप दिसते. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे १९७२ साली दिल्लीस स्थायिक झाले आणि निजामुद्दीन भागातील एका लहान जागेत वर्षाकाठी मोजकीच चित्रे रंगवीत राहिले. अशा चित्रकाराकडून विक्रेत्याला माल म्हणून फारसे काही मिळत नाही. मिळते ते वाट पाहण्याचे काम. पंडोलांनी ते वर्षानुवर्षे केले. २००१ मध्ये गायतोंडे वारले. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजने मुंबईत भरवलेल्या आपल्या पहिल्या भारतीय लिलावात त्यांचे १९७९ चे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. या आकड्याचे कौतुक करणाऱ्या लेखांत चित्राच्या मौनाविषयी चार वाक्ये असतात आणि लिलावाविषयी चाळीस. लिलावाची किंमत ही निवड नव्हे. दुसऱ्याने पूर्वीच केलेल्या निवडीवर पडलेली ती उशिराची मोहोर आहे. आणि समीक्षा मागे राहिली की तीच समीक्षेची जागा बळकावते.

केकू गांधींना कलाबाजाराचा हा विस्तार पाहावयास मिळाला. आणीबाणीत त्यांच्या वांद्र्याच्या ‘केकी मंझिल’ने कार्यकर्त्यांना आसरा दिला आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर ते मोहल्ल्यांतील सलोख्याच्या कामात उतरले, या गोष्टी त्यांच्या चरित्राच्या तळटीपा म्हणून सांगितल्या जातात. त्या तळटीपा नव्हेत. अनोळखी माणसाला घरात घेण्याची जी वृत्ती तेथे दिसते, तीच प्रिन्सेस स्ट्रीटच्या काचेमागेही होती.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ते निवर्तले. पुढच्या वर्षी खोर्शेद गांधीही गेल्या. त्याआधीच, १९८८ पासून, कन्या शिरीन गांधी यांनी दालनाची सूत्रे घेतली होती. २००७ मध्ये जहांगीरचा पहिला मजला सोडून केमोल्ड फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवर, मोठ्या दालनात गेले. तेथे जे मांडले जाते त्यातील पुष्कळसे जमिनीवर पसरलेले, छताला टांगलेले किंवा पडद्यावर हलणारे असते, आणि त्याला चौकट लागत नाही.