लाल झालेल्या पेशी आणि एका औषधाचा हिशेब

१९७१ साली न्यूयॉर्कमध्ये शार्लट फ्रेंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या रक्तकर्काच्या पेशी एका वेगळ्या पोषक द्रवात वाढवल्या. त्यात डायमिथिल सल्फॉक्साइड (डीएमएसओ) हे प्रयोगशाळेतले नेहमीचे विद्रावक थोडेसे मिसळलेले होते. नुसत्याच विभाजत राहणाऱ्या या अपक्व पेशी हिमोग्लोबिन बनवू लागल्या. कर्कपेशीला न मारता तिला तिच्या मूळ कामाला लावता येईल काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

कोलंबिया विद्यापीठातील वैद्यक संशोधक पॉल मार्क्स आणि सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी तो हाती घेतला. २००६ साली त्यातून व्होरिनोस्टॅट या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध-रसायनाचा आदर्श म्हणून हे काम सांगितले जाते. तो आदर्श कोणत्या अर्थाने, हे तपासून पाहू.

ब्रेस्लो यांचा विचार साधा होता. डीएमएसओ बऱ्याच मोठ्या प्रमाणात लागते. मग त्यासारखे दोन ध्रुवीय गट एकाच साखळीने जोडले तर? सहा कार्बनांची साखळी असलेले एचएमबीए हे संयुग १९७६ साली पुढे आले. ते प्रभावी होते, पण तेही मिलिमोलार प्रमाणात लागे. रुग्णांवरील चाचण्यांत थोड्यांनाच आणि थोडाच काळ गुण आला. शिवाय रक्तबिंबिका घटू लागल्या. मग साखळीच्या एका टोकाला हायड्रॉक्झॅमिक आम्लाचा गट बसवला गेला. १९९६ साली प्रसिद्ध झालेले ‘साहा’, म्हणजेच पुढचे व्होरिनोस्टॅट, मायक्रोमोलार प्रमाणात, म्हणजे सुमारे हजारपट कमी मात्रेत काम करू लागले. ही चिकाटी आणि हे टप्प्याटप्प्याचे शहाणपण निःसंशय मोठे आहे.

पण हे औषध ‘एपिजेनेटिक’, म्हणजे अधिजनुकीय, म्हणून योजलेले नव्हते. डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनला अॅसिटिल गट जोडले की गुंडाळी सैल होते व जनुके वाचता येतात. हिस्टोन डिअॅसिटिलेज ही विकरे ते गट काढून टाकतात. साहा या विकरांना अडवते हे १९९८ साली दिसून आले. जपानमध्ये याच गुणासाठी आधीच ओळखल्या गेलेल्या ट्रायकोस्टॅटिनशी त्याचे साम्य होते. १९९९ साली एका जिवाणूतील सजातीय प्रथिनाच्या स्फटिकरचनेत हे चित्र स्पष्ट झाले: विकराच्या अरुंद नळीत साखळी शिरते आणि तळाशी असलेल्या जस्ताला हायड्रॉक्झॅमिक गट पकडतो. म्हणजे किल्ली आधी घडली, कुलूप नंतर सापडले. मार्क्स व ब्रेस्लो यांनी २००७ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त हा प्रवास मांडला. ‘डायमिथिल सल्फॉक्साइड ते व्होरिनोस्टॅट’ ही शीर्षकातली वाट सरळ दिसते, पण ती मागे वळून पाहिल्यावरच तशी दिसते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मान्यता मिळाली ती त्वचेतील टी-पेशींच्या लसिका-कर्करोगासाठी, आणि तिथेही सुमारे ३० टक्के रुग्णांनाच गुण आला. ज्या रक्तकर्काच्या पेशींपासून सुरुवात झाली, त्याचे काय? तीव्र रक्तकर्कात एकट्या औषधाने मोजक्याच रुग्णांना लाभ झाला. रक्तकर्काकडे झुकू शकणाऱ्या अस्थिमज्जा-विकारांवर २७७ रुग्णांची तीन गटांतील चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत अॅझासायटिडिनला व्होरिनोस्टॅटची जोड दिल्याने, एकट्या अॅझासायटिडिनहून अधिक फायदा दिसला नाही.

असे का झाले असावे? एका बशीतील, एकाच जातीच्या उंदराच्या पेशी म्हणजे रुग्णाच्या शरीरातील रोग नव्हे. शिवाय ही विकरे केवळ हिस्टोनवरच नव्हे, तर इतर अनेक प्रथिनांवरही काम करतात. त्यामुळे ‘बंद जनुकाचे बटण चालू करणारे औषध’ हे वर्णन फार सोपे आहे.

वर्गात हे उदाहरण जरूर सांगावे. मात्र त्याचबरोबर विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारावेत: औषध कसे काम करते हे केव्हा कळले? आणि ज्या रोगापासून शोध सुरू झाला, त्या रोगाच्या रुग्णांना शेवटी काय मिळाले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘फारसे काही नाही’ असे आले, तरी तेही तितक्याच स्पष्टपणे फळ्यावर लिहावे.