ऑर्गनवादन : श्रोते आणि उपासक

बुऱ्हानपूर येथील धर्मग्रामाच्या ख्रिस्तमंदिरात अलीकडेच एका सायंकाळी ऑर्गनवादन झाले. वाद्य नळ्यांचे नव्हते. पायाने भाता चालवावयाचे, ज्यास आपल्याकडे पायपेटी म्हणतात ते होते. वादक पाहुणे होते. प्रवेश विनामूल्य होता. ख्रिस्तमंदिरांतील संगीतकार्यक्रमांविषयी रोमच्या उपासनाविषयक धर्ममंडळाने १९८७ साली जे मार्गदर्शन केले, त्यातही हीच अट आहे. तिच्या मागे एक जुना प्रश्न उभा आहे : ख्रिस्तमंदिरात बसलेला मनुष्य श्रोता असतो की उपासक? या कार्यक्रमाचा विचार आम्ही त्याच प्रश्नाच्या अनुरोधाने करीत आहोत.

अकबराच्या दरबारात १५८० च्या सुमारास ऑर्गन आला, तेव्हा बदाऊनी या इतिहासकाराने त्याची नोंद एक अद्भुत वस्तू म्हणून केली. पुढे १६००-०१ मध्ये असीरगडाच्या वेढ्याच्या वेळी येशूसंघीय जेरोम झेवियर याच प्रदेशात बादशहासमवेत होते. दरबारास वाद्याचे नवल वाटले; परंतु नवल म्हणजे उपासना नव्हे.

कार्यक्रमाचा आरंभ बाख यांच्या ‘ऑर्गेलब्यूखलाइन’ या संग्रहातील तीन रचनांनी झाला. १६४ स्तोत्रांसाठी योजिलेल्या या संग्रहात ४६ रचनाच पूर्ण झाल्या. त्यांत पायांनी वाजवावयाच्या पट्ट्यांना स्वतंत्र स्थान आहे. मुखपृष्ठावरच बाख यांनी ते नमूद केले आहे. पायपेटीत पाय भात्यात गुंतलेले. त्यामुळे खालचे स्वर डाव्या हाताकडे आले आणि मधली स्वररेषा जागोजाग तुटली. वादकांचे कौशल्य उणे नव्हते, निवड चुकली. शिवाय या रचना ज्या स्तोत्रांवर उभ्या आहेत, ती लूथरपंथीय मंडळीला मुखोद्गत होती. चाल कानी पडताच शब्द मनात उमटत. आमच्या लोकांपुढे चाल आली, शब्द आले नाहीत. स्तोत्राचा अर्थ दोन वाक्यांत सांगितला असता, तरी हे अंतर बरेच कमी झाले असते.

याउलट सेझार फ्रांक यांच्या ‘लॉर्गानिस्त’मधील चार लघुरचना अत्यंत सुरेख वठल्या. १८९० साली निधन पावलेल्या फ्रांक यांनी अखेरच्या काळात या ५९ रचना हार्मोनियमसाठीच लिहिल्या. पॅरिसमध्ये देबँ यांनी १८४२ साली ज्याचे पेटंट घेतले त्याच वाद्याच्या कुळातील आपली भजनाची पेटी. येथे पायपेटी कशाचीही नक्कल करीत नव्हती. भात्यावरील पाय हलका होताच स्वर क्षीण होई, दाब वाढताच भरून येई. जणू वाद्य श्वास घेत होते. साऱ्या कार्यक्रमात ऐकण्याचे प्रार्थनेत रूपांतर प्रथम झाले ते येथे.

अखेरीस रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे एक भजन वाजविण्यात आले. टिळकांची भजने पंथभेद ओलांडून आपणा सर्वांची झाली आहेत. आमची मोठी तक्रार याच ठिकाणी आहे. प्रत्येक स्वराखाली जाड स्वरसंघात घातल्याने चालीतील लवचिकता दडपून गेली. परंतु दुसऱ्या कडव्याच्या वेळी मागील बाकावरून एका वृद्ध भगिनीने शब्द उचलले. पाहता पाहता मंडळी गाऊ लागली. मराठी न येणाऱ्या हिंदीभाषक बंधुभगिनींनी टाळ्यांनी ठेका धरला. वादकांनी तत्काळ स्वरसंघात सोडले, केवळ षड्ज धरला आणि ओळीच्या अखेरीस लोकांच्या श्वासासाठी ते थांबू लागले. त्यांची खरी योग्यता आम्हांस त्या थांबण्यात दिसली.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली नळ्यांच्या ऑर्गनचा गौरव केला, तसाच उपासनेस योग्य अशा इतर वाद्यांनाही वाव दिला. तेव्हा मोठा ऑर्गन नाही म्हणून आपण खंत करण्याचे कारण नाही. खंत निराळी आहे. आज आपल्या कित्येक ख्रिस्तमंदिरांत ध्वनिवर्धकावरील वाद्य व मूठभर गायक यांच्या आवाजात मंडळीचे गाणे मुके होत आहे, आणि आम्ही धर्मगुरू ते निमूटपणे चालू देतो. असे कार्यक्रम पुन्हा अवश्य व्हावेत. मात्र प्रत्येक रचनेनंतर एक स्तोत्र मंडळीने गावे आणि वाद्याने तिच्यामागून चालावे. बुऱ्हानपूरच्या त्या भगिनीने, कोणी न सांगता, हेच करून दाखविले.