नागपूरचे ७४

१९ मार्च २००० ला नागपुरात भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात एकदिवसीय सामना झाला. हर्शेल गिब्जनं ५३ चेंडूंत ७४ धावा ठोकल्या आणि आफ्रिका १० धावांनी जिंकली. टीव्हीसमोर बसून मी गिब्जला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. जूनमध्ये किंग आयोगासमोर त्यानंच सांगितलं, की त्या दिवशी २० च्या आत बाद होण्यासाठी कर्णधार हॅन्सी क्रोनिएनं त्याला १५ हजार डॉलर देऊ केले होते आणि तो हो म्हणाला होता. हेन्री विल्यम्सनं ५० हून जास्त धावा द्यायच्या होत्या, पण खांदा दुखावल्यानं त्याची दोन षटकंही पुरी झाली नाहीत. सौदा झाला, माल पोचलाच नाही.

फिक्सिंगवरचा कुठलाही सिनेमा मी तेव्हापासून या सामन्याशी ताडून पाहतो. आपल्याकडचे दोन ठळक सिनेमे म्हणजे ‘जन्नत’ (२००८) आणि ‘अझहर’ (२०१६). एकात इमरान हाश्मी बुकी आहे, दुसऱ्यात फिक्सिंगचा आरोप झालेला कर्णधार. नट तोच, आणि खरं तर गोष्टही तीच: एका देखण्या माणसाचं प्रेम आणि त्याची पडझड. ‘जन्नत’मध्ये क्रिकेट हा पैसा येण्याचा एक रस्ता एवढंच आहे, त्या जागी सोन्याची तस्करी घातली तरी पटकथेचं फार बिघडणार नाही.

‘अझहर’चं दुखणं वेगळं आहे. डिसेंबर २००० मध्ये बीसीसीआयनं अझरुद्दीनवर तहहयात बंदी घातली. २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ती बेकायदेशीर ठरवली. पण बंदी बेकायदेशीर ठरणं आणि त्या काळात नेमकं काय घडलं ते कळणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. सिनेमा मधली दरी एका उडीत पार करतो. त्याचा नायक पैसे घेतो, पण का, तर बुकीनं दुसऱ्या कुणाकडे जाऊ नये म्हणून. आणि नंतर परतही करतो! म्हणजे लाच घेणं हाच त्याग. हे चरित्र नाही, असं सुरुवातीलाच सांगून टाकलं की मग असला खुलासाही खपतो.

याउलट जॉन सेल्सचा ‘एट मेन आउट’ (१९८८) पाहावा. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागोच्या खेळाडूंनी पैसे घेऊन हरण्याचा घाट घातला, त्याची ही गोष्ट. सेल्स कुणालाच धुऊन काढत नाही. मालकाची कंजुषी तो दाखवतो: सिकॉटी २९ सामने जिंकतो आणि ३० च्या बोलीचा बोनस त्याला नाकारला जातो. राग समजतो, तरी खोटा खेळ बघताना पोटात ढवळतंच. ज्युरी त्यांना निर्दोष सोडते आणि लगेच कमिशनर लँडिस कायमचं बाहेर काढतो. त्यात बक वीव्हरही असतो. त्यानं पैसे घेतलेले नसतात, जीव तोडून खेळलेला असतो. त्याचा गुन्हा एवढाच, की ठाऊक असून तो गप्प बसला. न्यायालय एक म्हणतं, खेळ दुसरं, आणि प्रेक्षकाच्या मनाचा निकाल लागतच नाही. ‘अझहर’ला नेमकी हीच अस्वस्थता नको आहे.

आणि म्हणून मला नागपूरवरचा सिनेमा हवा आहे. गिब्ज आणि विल्यम्स दोघंही वर्णद्वेषी राजवटीनं ‘कलर्ड’ ठरवलेल्या समाजातले. विचारणारा गोरा, आणि देशाच्या गळ्यातला ताईत असलेला कर्णधार. अशा माणसाला नाही म्हणणं किती अवघड असतं, यात एक अख्खी पटकथा आहे. दोघांनाही सहा महिन्यांची बंदी भोगावी लागली, आणि ते योग्यच होतं. पण लाच म्हणजे अंधारात बॅग घेऊन येणारा परका माणूस, ही आपल्या सिनेमाची सोयीस्कर कल्पना इथे मोडून पडते. इथे लाच आपल्याच ड्रेसिंगरूममधून येते, मोठ्या भावासारख्या माणसाकडून.

मग ते ७४? त्या धावा खऱ्याच होत्या. उलट ठरल्याप्रमाणे झालं असतं तर गिब्ज लवकर बाद झाला म्हणून मी टाळ्या पिटल्या असत्या. आजही त्या खेळीची आठवण निघाली की मी आधी त्या टाळ्यांचा विचार करतो. खरी खेळीही मला पूर्वीसारखी आठवता येत नाही. हे नुकसान कुठल्या न्यायालयात मांडायचं? ते मांडण्याची जागा सिनेमाच होती.