साखरसम्राट आणि तोडीची चिठ्ठी

मक्तेदारी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहतो. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, टोकदार टोपी, मागेपुढे माणसांचा राबता आणि शब्द खाली पडू न देणारा दरारा. ‘साखरसम्राट’ ही पदवीही आपण त्याला देऊन टाकली आहे. कथा, कादंबरी, वगनाट्य आणि चित्रपट यांनी ही प्रतिमा इतकी घासूनपुसून ठेवली आहे की तिच्या पाठीमागे काही पाहायचे राहून गेले असेल, अशी शंकाही कुणाला येत नाही. मूळ शब्द मात्र निराळेच काही सांगतो. मक्ता म्हणजे ठराविक रकमेवर मिळालेला वसुलीचा किंवा विक्रीचा हक्क. मक्तेदार आज हा, उद्या तो. टिकून राहतो तो मक्ता. आपल्या साहित्याने मक्तेदार रंगवला, मक्ता रंगवला नाही. आणि ही उणीव केवळ तपशिलाची नसून कलेची आहे, असे मला वाटते.

या प्रतिमेचा सर्वांत समर्थ आविष्कार म्हणजे १९७५ सालचा ‘सामना’. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील आणि श्रीराम लागूंचा मास्तर. हिंदुराव हा पुठ्ठ्याचा खलनायक नाही, हे तेंडुलकरांचे मोठे यश. गावात भरकटत आलेल्या दारुड्या मास्तराला तो हाकलून देत नाही. त्याला ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. सत्ता मारण्याआधी पोसते, हे मर्म मराठीत इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी दाखवले असेल. पण कथानकाचा कणा शेवटी एका माणसाचे नाहीसे होणे हाच आहे. मास्तर मारुती कांबळेविषयी विचारत राहतो आणि त्या विचारण्यानेच हिंदुरावाचे साम्राज्य हादरते. नाट्याला गुन्हा लागतो, गुन्ह्याला गुन्हेगार लागतो. आणि गुन्हेगार सापडला की प्रेक्षक मोकळा होतो. मारुती कांबळे सुखरूप असता तर हिंदुरावाच्या सत्तेविरुद्ध आपली काहीच तक्रार उरली नसती काय? हा प्रश्न चित्रपटाच्या कक्षेबाहेर राहतो.

तो प्रश्न पाटसच्या शिवारात नेऊन पाहावा. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, दौंड तालुक्यातले हे गाव. भीमा नदी आणि खडकवासल्याचा कालवा यांच्या पाण्यावर वाढलेल्या उसाचा हा मुलूख. आणि येथेच भीमा सहकारी साखर कारखाना. ज्वारीचे पोते भाव येईपर्यंत घरात ठेवता येते. ऊस ठेवता येत नाही. तोडला की लवकरात लवकर गाळावा लागतो, नाहीतर वजन घटते, उतारा घसरतो. आणि वेळेवर तोडला नाही तर उभ्या फडाला तुरा येतो. म्हणून उसाला दूरचे गिऱ्हाईक हे गिऱ्हाईकच नव्हे. निसर्गाने दिलेल्या या मक्त्यावर कायद्याने शिक्का मारला. १९८४ च्या आदेशाने महाराष्ट्रात झोनबंदी आली: अमुक गावचा ऊस अमुक कारखान्यालाच. १९९७ मध्ये ती उठली. परंतु दोन कारखान्यांमध्ये किती अंतर हवे, याचा नियम पुढे आला. केंद्राने २००६ मध्ये ते हवाई अंतर १५ किलोमीटर ठरवले, महाराष्ट्राने पुढे २५ केले. शेतकऱ्याला दुसऱ्या दारी जायची मुभा मिळाली, पण दुसरे घर जवळ बांधायला मनाई झाली.

आता या व्यवस्थेत सत्ता नेमकी कुठे बसते ते पाहावे. लागणीची नोंद, नोंदीवरून तोडीचा क्रम, क्रमाप्रमाणे चिठ्ठी, चिठ्ठी घेऊन येणारा चीटबॉय, कारखान्याच्या पैशातून उचल घेऊन आलेली मुकादमाची टोळी आणि शेवटी वजनकाटा. ज्याच्या हातात टोळी, त्याच्या हातात फड. चिठ्ठी पंधरा दिवस उशिरा आली तर कोणता गुन्हा घडला? कुणी कुणाला दम दिला नाही, कुणी नाहीसे झाले नाही. वार्षिक सभेत प्रश्न विचारायला उठू पाहणाऱ्या सभासदाला, आपला ऊस अजून उभा आहे, एवढे आठवले की पुरे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे १४ दिवसांत मिळायला हवेत, नपेक्षा १५ टक्के व्याज. पण ते व्याज मागणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात नोंद द्यायची असते. हा अन्याय गुन्ह्यावाचून चालतो. म्हणूनच गुन्ह्यावर उभ्या राहिलेल्या कथेला तो दिसत नाही.

शिवाय सहकारात घेणारा आणि देणारा एकच. सभासद हा कारखान्याचा मालक, मतदार आणि गिऱ्हाइकाविना अडलेला विक्रेताही. सम्राटाची गोष्ट त्याला आवडते याचे एक कारण असे, की तीत त्याच्या स्वतःच्या मताचा हिशेब मागितला जात नाही. पाटसचा कारखाना काही हंगाम बंद राहिला आणि २०२२ मध्ये भाडेकराराने कर्नाटकातील निराणी उद्योगसमूहाकडे गेला. मधल्या काळात उसाला वाट राहिली, ती पाटेठाण, आलेगाव, यवत येथील खाजगी कारखान्यांमुळे आणि या तालुक्यात पुष्कळ असलेल्या गुऱ्हाळांमुळे. गुऱ्हाळवाला काही संत नव्हे. कारखान्याचा भाव पाहूनच तो आपला भाव काढतो. पण त्याचे चुलवण पेटलेले असते तोवर शेतकऱ्याला ‘नको’ म्हणता येते. येथे तारणारा गुण कुणाच्या मनाचा मोठेपणा नव्हे, दारांची संख्या हा आहे.

ही गोष्ट या भागाला नवी नाही. शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार घातला, आणि १२ मे १८७५ रोजी पाटसच्या शेजारच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला. तेव्हाच्या शेतकऱ्याला कर्ज देणारा, धान्य घेणारा आणि हिशेब लिहिणारा एकच होता. उठलेल्या लोकांचा रोख सावकाराच्या देहापेक्षा त्याच्या रोख्यांवर होता. जेथे कागद निमूटपणे मिळाले तेथे बहुधा माणसाला इजा झाली नाही. सत्ता कागदात आहे, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते.

आणि साहित्यातही हे ओळखणारा लेखक आपल्याकडे होऊन गेला. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले संतापतात खरे, पण नुसते संतापत नाहीत. कुलकर्ण्याच्या दप्तरापासून कोर्टकचेरीपर्यंत आणि कालव्याच्या पाणीपट्टीपर्यंत शेतकरी कुठे कुठे अडतो, हे ते पायरीपायरीने मांडतात. त्यांचा असूड माणसांवर उगारलेला आहे, पण त्याचे वळ व्यवस्थेच्या सांध्यांवर उमटतात.

साहित्याला माणूस हवा, यंत्रणेची कादंबरी होत नाही, असा आक्षेप कुणी घेईल. आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) त्याला उत्तर आहे. तेथे नारबाचे जग ट्रॅक्टरच्या येण्याने उद्ध्वस्त होते, आणि तरीही ती कादंबरी पहिल्या पानापासून माणसाचीच राहते. उसाच्या मुलखातली अशी कादंबरी अजून लिहायची आहे. तीत खून नसेल. उभा फड असेल, त्यावर धरलेला तुरा असेल, आज येईल उद्या येईल म्हणून चिठ्ठीची वाट पाहणारे घर असेल, आणि सभेत उठता उठता खाली बसलेला एक माणूस असेल. तो खाली का बसला, हे ज्याला सांगता येईल, त्याला साखरसम्राट रंगवण्याची गरज पडणार नाही.