पात्रता कोणी ठरवायची?

माउली, प्रवचनात मोठ्या कंपनीच्या गर्वाचा दाखला निघाला की शेवट ठरलेला असतो: गर्वाचे घर खाली. मला हा शेवट पटत नाही. अमेरिकेतील इंटेल कंपनीचेच पाहा.

१९९४ साली संगणकात बसणारी तिची पेंटियम चिप जोरात खपत होती. थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांवर काम करीत होते. त्यांना दिसले, की ही चिप काही भागाकार चुकीचे करते. चिपमधल्या कोष्टकातील पाच नोंदी राहून गेल्या होत्या. कंपनीला हे आधीच कळले होते, पण तिने बाहेर सांगितले नव्हते. बोभाटा झाल्यावर तिने हिशोब मांडला: सामान्य माणसाला या चुकीचा फटका २७,००० वर्षांतून एकदा बसेल. म्हणून चिप बदलून मिळेल ती, अचूक गणिताची खरी गरज असल्याचे जो पटवून देईल त्यालाच.

चूक कोणाकडून होत नाही? मला अहंकार दिसतो तो या 'पटवून द्या'मध्ये. पैसे सर्वांकडून सारखे घेतले आणि बरोबर भागाकार मात्र पात्र माणसाला! १९९१ पासून 'इंटेल इनसाइड' अशी जाहिरात करून हीच कंपनी साध्या गिऱ्हाइकाच्या दारी गेली होती. ते गिऱ्हाईक तिच्या दारी आले तेव्हा त्याची परीक्षा सुरू झाली. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा कोणी कोणाचा अधिकार विचारत नाही. (दिंडीच्या मानापानात आपणही तो विचारतो, हे सांगितले पाहिजे.)

आयबीएमने कंपनीचा हिशोब मानला नाही आणि त्या चिपचे संगणक पाठवणे थांबवले. मग २० डिसेंबरला इंटेलने माफी मागितली आणि मागेल त्याला चिप बदलून देऊ केली. ४७.५ कोटी डॉलरचा भार पडला.

पण घर खाली झाले नाही. पुढे कितीतरी वर्षे कंपनीची भरभराटच होती. तेव्हाचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग स्वतःच मांडला आहे. शिक्षा होते म्हणून गर्व वाईट, असे आपण सांगत राहिलो, तर ज्याचे काहीच बिघडले नाही त्याला काय सांगणार? त्या सदोष चिपांपैकी काहींच्या तर कंपनीने किल्ल्या अडकवण्याच्या साखळ्या केल्या आणि आपल्याच माणसांना वाटल्या.