शेताचा खेळ, शहराचा खेळ आणि पवनेचे पाणी

संगणकावरील खेळ म्हणजे मारामारी, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु शेती करण्याचे आणि शहर वसवण्याचे खेळही मुले तासन्‌तास खेळतात. आमच्या मते हे खेळ म्हणजे प्रतिमाने आहेत. कोणतेही प्रतिमान वास्तवातील काही गोष्टी ठेवते, काही वगळते. तेव्हा खेळ रंजक आहे की नाही एवढे न पाहता, त्याने काय वगळले हे पाहायला हवे. कसोटीसाठी आपण मावळ तालुका घेऊ, कारण तेथे भाताची खाचरे आणि वाढते शहर एकमेकांना खेटून आहेत.

शहराच्या खेळांत 'सिमसिटी' (१९८९) हा आद्य म्हणावा असा. जे फॉरेस्टर यांनी १९६९ मध्ये शहरांच्या वाढीचे गणिती प्रतिमान मांडले होते. विल राइट यांनी हा खेळ रचताना त्याचा आधार घेतला. कर वाढवला की वस्ती घटते, वस्ती घटली की उत्पन्न घटते. परिणाम उलटून कारणावर कसा येतो, हे मुलांना यातून छान कळते. मात्र पहिल्या 'सिमसिटी'त घरांना वीज लागे, पाणी लागतच नसे! नळ आले ते १९९३ च्या आवृत्तीत. 'सिटीज : स्कायलाइन्स' (२०१५) या खेळात तर नदी खरोखर वाहते. सांडपाणी वरच्या अंगाला सोडून खाली पंप बसवला, तर नागरिक आजारी पडतात.

शेतीच्या खेळांपैकी 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवला. त्यात प्रत्येकी २८ दिवसांचे चार ऋतू असतात आणि ऋतू पालटला की बहुतेक पिके मरतात. पीक आणि ऋतू यांचे नाते त्यात ठसते, हा त्याचा गुण. पण झारीने कितीही पाणी घ्या, तळे आटत नाही. कितीही माल विका, भाव पडत नाही. भात तेथे वसंतात लावतात आणि तो आठ दिवसांत तयार होतो. मावळात वडगावच्या संशोधन केंद्राने दिलेल्या 'इंद्रायणी' भाताला चार महिन्यांहून अधिक काळ लागतो, आणि लावणीला शेजारपाजारचे हात लागतात. पाऊसही सर्वत्र सारखा नाही. लोणावळ्यात तो वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पडतो, तर पूर्वेला वडगाव-तळेगावकडे निम्म्याहूनही कमी.

या उणिवा एक वेळ चालतील. मोठी उणीव दोन्ही खेळांत सारखीच आहे : पाण्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नसतो. शेताच्या खेळात पाणी मागणारे शहर नाही. शहराच्या खेळात आधीपासून नांदणारे गाव नाही. शेत असलेच तर तो उद्योगाचा एक प्रकार.

पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. धरणातून सोडलेले पाणी नदीने वाहत येते, वाटेत शेतकरी ते उपसतात आणि रावेतच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवड शहर ते घेते. धरणापासून थेट बंद नळाने पाणी न्यायचे ठरले. नळातून गळती व प्रदूषण कमी, हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर. पण नदीत पाणी कमी आले तर काठच्या शेताचे काय, हा शेतकऱ्यांचा प्रश्नही तितकाच बरोबर. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. खेळात मात्र नळ टाकायला फक्त पैसे लागतात.

प्रतिमान म्हणून आम्ही शहराच्या खेळाला अधिक गुण देऊ. कृतीचे दूरवरचे परिणाम तो दाखवतो. परंतु वगळलेला भाग शिक्षकांनीच भरून काढायला हवा. त्यासाठी संगणकाचीही गरज नाही. फळ्यावर धरणापासून रावेतपर्यंत नदी काढा. वर्गाचे दोन गट करा, एक काठची गावे, दुसरा शहर. शंभर काड्या म्हणजे ऑक्टोबर ते जूनचे पाणी. दर महिन्याला कोणी किती काड्या घ्यायच्या, याचा नियम मुलांनीच ठरवावा. मग गटांची अदलाबदल करा आणि तोच नियम त्यांना अजूनही मान्य आहे का, ते विचारा.