सहा फूट दोन इंचांचा हौदा

या गाडीला नाक नाही. जीपचं पुढे आलेलं बॉनेट नाही, त्याच्या दोन्ही अंगांची मडगार्डं नाहीत. समोर मोठी काच, काचेखाली उभ्या फटींची जाळी, दोन बाजूंना दोन गोल दिवे, आणि गाडीचं तोंड तिथेच संपतं. पहिल्यांदा बघणारे हमखास विचारतात, हिला पुढून ठोकर बसली होती का? मी त्यांना आधी गाडीच्या बाजूला आणून उभं करतो. महिंद्रा एफसी-१५० समोरून बघायची गाडी नव्हे. ती आडवी बघायची असते.

एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. चालकाला उचलून थेट पुढच्या चाकांवर, इंजिनाच्या शेजारी बसवायचं आणि मागे उरेल ती सगळी जागा ओझ्याला द्यायची. मूळ अमेरिकन आराखड्यात पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८१ इंच आहे. सीजे-५ या जीपमध्येही ते एवढंच. त्या जीपच्या मागच्या भागात माणसं अंग चोरून बसतात. इथे त्याच अंतरावर ७४ इंचांचा हौदा बसलाय, म्हणजे सहा फूट दोन इंच. गाडीची सगळी लांबी एकशे साडेसत्तेचाळीस इंच, पावणेचार मीटर. बाजूला उभं राहून पट्टी लावली की कळतं, निम्मी गाडी हौदाच आहे. इंजिन, चालक, त्याचा सोबती, गिअरबॉक्स, दिवे, सगळ्यांनी मिळून उरलेल्या निम्म्यात भागवायचं. माझ्या मते या गाडीचं सगळं सौंदर्य या वाटणीत आहे. एखाद्या घरात माजघर लहान ठेवून बळद मोठं बांधलेलं असतं, तसं.

हे रूप दिलं मिलवॉकीच्या ब्रुक्स स्टीव्हन्सने. लहानपणी त्याला पोलिओ झाला होता आणि अंथरुणावर पडल्यापडल्या तो चित्रं काढायला शिकला. जीप बनवणाऱ्या विलिज कंपनीची जुनी स्टेशन वॅगन त्याचीच. जुनी वस्तू टाकून नवी घ्यावीशी वाटणं हे उद्योगाच्या हिताचं आहे, असं १९५४च्या सुमाराला जाहीरपणे सांगत फिरणारा माणूसही हाच. त्याचा हा छोटा ट्रक १९५६च्या अखेरीस अमेरिकेत आला आणि १९६५ला तिथे बंद झाला. त्याच सुमाराला महिंद्राने तो आपल्याकडे करायला घेतला आणि पुढे कित्येक वर्षं केला. तोच चेहरा शाळेच्या गाडीला, रुग्णवाहिकेला, पोलिसांच्या व्हॅनला मिळाला. स्टीव्हन्सचा सिद्धांत या एका गाडीने आपल्या देशात टिकू दिला नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

माझं गाव निपाणी. तंबाखूच्या वखारींपुढे उभ्या राहणाऱ्या एफसी मी लहानपणी पाहिल्या. बोदांवर बसलेली पोरं मागे, आणि पुढे चालकाचा चेहरा काचेच्या इतका जवळ की तो गाडीत बसलाय की गाडीने त्याला अंगावर चढवलंय, कळू नये. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो तेव्हा इथल्या जुन्या गाड्यांच्या फेऱ्यांना आवर्जून जायला लागलो. ब्यूक, ऑस्टिन, मर्सिडीज, सगळं बघितलं. धर्मस्थळच्या मंजूषा संग्रहालयातल्या राजस मोटारींपुढे अर्धा दिवस घालवला. ओझं वाहणारी गाडी मात्र क्वचितच भेटायची. मोटार जपली जाते, ट्रक मोडीत जातो. शिवाजीनगरच्या गुजरीत किंवा जे. सी. रोडच्या मागच्या गल्ल्यांत सुटे भाग शोधत हिंडलं की ही मोड कशी होते ते दिसतं. पाटे एका दुकानात, डिफरन्शिअल दुसऱ्यात, दरवाजे कुणाच्या तरी शेडचा आडोसा झालेले.

माझी गाडी शिडलघट्ट्याला एका गोठ्याशेजारी मिळाली. नोंदणी १९६९ची. नंबर अजून 'एमवाय'ने सुरू होणारा, म्हणजे म्हैसूर राज्याचा. १ नोव्हेंबर १९७३ला राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्याआधीचा. २०२१च्या नव्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून नोंद घेता येते. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, आधी नोंदलेलीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, फेरी, पेट्रोल, दुरुस्ती, अशा कामांपुरतीच. मोटारीच्या बाबतीत हे मला पटतं. ट्रकच्या बाबतीत हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, आणि माझे कागद अजून जुन्याच रूपात आहेत.

घेताना मी दोन वस्तू घेऊन गेलो होतो, चुंबक आणि टॉर्च. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असते. केबिनचे खालचे कोपरे आणि दाराची खालची कड, गंज आधी तिथे धरतो. चासीचे दोन्ही गज मी पाठीवर झोपून टोकापासून टोकापर्यंत बघितले. मुंबईच्या किंवा कोकणातल्या गाडीत तिथे बोट आत जातं. पठारावरची कोरडी हवा पत्रा राखते. गज शाबूत होते, आणि त्याच क्षणी मी मनातून गाडी घेतली होती.

इंजिनाचं रसग्रहण वेगळं करायला हवं, कारण या ट्रकमध्ये त्याच्यापासून सुटका नाही. चालक आणि सोबती यांच्या मधोमध एक पत्र्याचं झाकण आहे, ते उचललं की खाली हरिकेन. चार सिलिंडर, २,१९९ सीसी. त्याची घडण आज कुणी करत नाही अशी आहे. हवा आत घेणारे व्हॉल्व वर, हेडमध्ये. जळका वायू बाहेर टाकणारे व्हॉल्व खाली, बाजूला, ब्लॉकमध्ये. श्वास डोक्यातून आणि उच्छ्वास कुशीतून. दोन्ही व्हॉल्व शेजारी शेजारी बसवायचे तर जागा वाटून घ्यावी लागते; इथे वरचा प्रशस्त होऊ शकतो, कारण खालचा त्याच्या वाटेत नाही. हवा नेणारी वाट तर हेडच्या बिडातच ओतलेली आहे, कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. सिलिंडरचा व्यास ७९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १११. धाव एवढी लांब असल्यामुळे इंजिन कमी फेऱ्यांवर ओढतं. दोन हजारांच्या आसपासच त्याचा जोर पुरता हाती येतो, पुढे पळवण्यात अर्थ नाही. ही चाल ओझ्याच्या गाडीला शोभते. दुसऱ्या गिअरवर, भरल्या अंगाने, चढ न बघता चढायचं.

या घडणीची किंमत मेकॅनिकला मोजावी लागते. वरच्या व्हॉल्वचं अंतर सहज लावता येतं. खालच्यांसाठी ब्लॉकच्या कुशीतलं झाकण काढायचं, तेही एक्झॉस्टच्या बिडाआडचं, आणि एफसीमध्ये तेवढ्यासाठी केबिनमध्ये ओणवं व्हायचं. माझे मेकॅनिक चाचा, त्यांनी हे काम केलं तेव्हा मी टॉर्च धरून होतो. फीलर गेज फटीत घालताना ते डोळे मिटून घेत. पाती किती अडते ते बोटांना कळतं, बघून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. चौथ्या व्हॉल्वला त्यांनी तीनदा हात घातला. मग झाकण लावलं, सोलेक्सचा स्क्रू पाव फेरा मागे घेतला आणि इंजिन चालू झालं. लोखंडी पातेल्यात कढी मंद उकळावी तसा तो आवाज आहे. त्या आवाजासाठी माणसाने आणखी दोन महिने थांबायला हरकत नाही.

आता हौद्याकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे.

बेंगळुरूला पत्रेकामाला टिंकरिंग म्हणतात, गॅरेजच्या पाट्यांवर तसंच लिहिलेलं असतं. टिंकरिंगच्या शेडमध्ये रंग उतरवायला सुरुवात झाली, तेव्हा गाडी वरून निळी होती. निळ्याखाली मळका पिवळा. मूळ रंग शोधायचा तर ऊन पोचलं नाही अशा जागी बघायचं. नंबरप्लेटच्या मागे आणि डॅशबोर्डच्या आतल्या अंगाला करडा हिरवा सापडला, ओल्या शेवाळ्यासारखा. केबिनला तो द्यायचा ठरला. डावं दार पहिल्याच दिवशी चकचकीत पत्र्यापर्यंत घासून झालं. त्यावर काय होतं ते आता कधीच कळणार नाही, आणि हे मला आजही लागतं. कारण दुसऱ्या दिवशी मागचा फाळका घासताना पिवळ्याच्या खालून अक्षरं यायला लागली.

कानडी अक्षरं, हाताने रंगवलेली. वर गावाचं नाव, खाली पब्लिक कॅरियर. कुंचला उचलताना प्रत्येक अक्षराच्या शेवटी एक बारीक शेपूट राहिलेलं. अक्षरांच्या वर आणि खाली खिळ्याने ओढलेल्या दोन रेघा, इतक्या हलक्या की बोट फिरवल्यावरच कळाव्यात. रंगाऱ्याने ओळ सरळ यावी म्हणून त्या मारल्या असणार. कानडी अक्षराच्या माथ्यावर छोटं तुरेवजा वळण असतं, ते त्याने प्रत्येक वेळी एकाच मापाचं काढलं होतं. हात बसलेला माणूस होता.

चाचा पॉलिश पेपर हातात धरून उभे. "सर, पूरा निकाल डालूं? नीचे का पत्रा अच्छाच है."

"नक्को चाचा."

त्यांच्या दखनीतला हा शब्द आपल्या मराठीतून गेलेला, आणि तो 'अच्छाच'मधला 'च'सुद्धा. शिवाजीनगरच्या गल्लीत माझ्या तोंडून नकार निघतो तो घरच्या शब्दात, आणि समोरच्यालाही तो घरचाच वाटतो. चाचांनी पेपर खाली ठेवला आणि फाळक्यावर फुंकर मारली.

फाळका तसाच राहिला. तीन रंगांचे तीन थर, मधून वर आलेली अक्षरं, वरून फक्त पारदर्शक वार्निशचा एक हात. जुन्या गाड्यांच्या मंडळींत यावर माझे मतभेद होतात. कारखान्यातून निघाली तशी करावी हा एक पक्ष. मोठी टायरं, वर दिव्यांची रांग, क्रोमची नळी लावून जीप अंगाबाहेर फुगवणारे दुसऱ्या टोकाला. त्यांच्याशी मी बोलतही नाही. पण पहिल्या पक्षालाही माझं सांगणं आहे. मोटारीचा पत्रा कारखान्यात पुरा होतो. हौद्याचा पत्रा कामावर पुरा होतो. दोरी घासून बाजूच्या कडेला पडलेल्या खाचा, बोदं चढवताना फाळक्याच्या कडेला आलेली चकाकी, तळाच्या पत्र्यातले उथळ खळगे, हे ठोकून सपाट केलं तर हातात उरतो तो सहा फूट दोन इंचांचा रिकामा डबा. खाचांमधला गंज मी स्वतः तारेच्या ब्रशने काढला, खाचा ठेवल्या. तळाच्या पट्ट्या उचलल्या तेव्हा खाली धुळीत रेशमाचे चपटे झालेले कोश निघाले, कागदासारखे हलके. गाडी काय वाहत होती ते तिने स्वतःच सांगितलं.

एक खूण मात्र मला वाचता आली नव्हती. हौद्याच्या दोन्ही बाजूंना, आतून, साधारण निम्म्या उंचीवर चार चार भोकं. कडा गुळगुळीत, म्हणजे हेतूने पाडलेली. समोरासमोर अचूक. मी समजलो ताडपत्रीसाठी असतील. पण ताडपत्रीची कडी बाहेरून लावतात. शेवटी ती भोकं शिशाने बुजवायची असं ठरवून तारीखही घेतली होती.

त्या आधीच्या रविवारी ज्यांची गाडी होती ते आजोबा नातवाबरोबर बघायला आले. केबिनच्या नव्या रंगाकडे त्यांनी ओझरतं पाहिलं. थेट मागे गेले, फाळका उघडला आणि भोकांत करंगळी घातली.

"अज्जा, हे कशाला?" मी कानडीत विचारलं.

कोश पोत्यांत भरून एकावर एक रचले तर खालचे चेपतात, ते म्हणाले. आतला किडा फुटला की डाग धाग्याला लागतो आणि बाजारात भाव पडतो. म्हणून या भोकांतून आडवे बांबू घालायचे, त्यावर चटई, आणि वरचा थर चटईवर. खालच्यांवर भार नको. निघायचं पहाटे, ऊन चढायच्या आत पोचायचं. बांबू किती जाड, ते त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवलं आणि माझ्याकडून तसंच जुळवून घेतलं, नीट आहे का बघायला.

सोमवारी टिंकरिंगवाल्यांना फोन करून शिशाचं काम रद्द केलं आणि संध्याकाळी बोटांचं तेच माप घेऊन बांबू बाजारात गेलो. चार घेतले.